प्रभात भजनी मंडळाची स्वप्नं

लतिका उडायची. रोज नव्हे, पण आठवड्यातून दोनदा-तीनदा तरी नक्कीच. झोप लागली की पाय अंथरुणावरून आपोआप सुटायचे, खिडकीचे गज बाजूला होऊन वाट द्यायचे आणि ती देवासच्या टेकडीभोवती घिरट्या घालत वर वर जायची. खाली देवीच्या पायऱ्यांवर माणसं चढत असायची, कारखान्यांची पत्र्याची छपरं जांभळी दिसायची, आणि आपलं घर त्यात कुठलं हे ओळखायला तिला जरा वेळ लागायचा. सकाळी जाग आली तरी अंगात तो वारा असायचाच. मग सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "दूध तापवलंस का?" आणि लतिका जमिनीवर यायची.

हे सगळं गोळीचं देणं होतं. तेव्हाच्या गोळीचं, आता ती बदलली आहे. रात्री झोपताना घ्यायची ती गोळी रक्तातल्या विषाणूला दाबून ठेवायची आणि डोक्यात मात्र रंगांची जत्रा भरवायची. डॉक्टर म्हणायचे, दुष्परिणाम आहे, हळूहळू सवय होईल. लतिकाला सवय झाली नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ती व्हायला नकोच होती. एचआयव्हीनं तिचा नवरा नेला, माहेरचं दार बंद केलं, धाकट्या जावेला तिच्या हातचं पाणी वर्ज्य केलं. इतकं सगळं काढून घेतल्यावर कोणी थोडं उडू देत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

महिन्यातून एकदा ती औषधाला धारला जायची. औषध देवासातही मिळायचं, पण देवासात ओळखीचे डोळे फार. सासरे कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीकडून इथं आले तेव्हापासूनची ही मराठी वस्ती, इथं कोणाच्या घरात कोणती भाजी शिजली हेही झाकून राहत नाही. म्हणून इंदूरला बस बदलून लांबच्या गावी जायचं. गंमत अशी की धारच्या जानकीबाई नेमक्या याच कारणासाठी औषधाला देवासला यायच्या. इंदूरला बस बदलताना दोघी कितीतरी महिने एकमेकींना नुसत्या पाहत होत्या. दोघींच्या हातात कापडी पिशवी, दोघींचा पदर कपाळापर्यंत. शेवटी एकदा जानकीबाईच समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय गे, तूही लपायलाच निघालीस ना?" त्या म्हणाल्या. "तू माझ्या गावी लपतेस, मी तुझ्या गावी. पागलच आहोत दोघी!"

त्यानंतर जानकीबाईंनी लपणं सोडलं आणि धारचाच दवाखाना धरला. त्यांचं घर म्हणजे एका छोट्या दत्तमंदिरामागच्या दोन खोल्या. सासरकडे पिढ्यान् पिढ्या पूजा होती, म्हणून त्यांचं बोलणंही जुन्या वळणाचं. औषध घेतलेल्या बायका त्यांच्याकडे चहाला थांबू लागल्या. लोहारद्याची सुरेखा, जी शिवणकाम करायची आणि कोणालाच भीत नसे. कुक्षीची शिवानी, वीस-एकवीस वर्षांची, जन्मापासूनच हा विषाणू घेऊन आलेली आणि आता नर्सिंगच्या कॉलेजात जाणारी. आणखीही येत-जात राहायच्या. जानकीबाईंचा तिथं एकच नियम होता, आधी स्वप्न सांगायचं, मग रडायचं.

नियम ऐकायला विचित्र वाटेल, पण तो भलताच कामाचा होता. घरातून हाकललेली बाई डोळे पुसत यायची, आणि आधी तिला सांगावं लागायचं की काल स्वप्नात तिच्या म्हशीला शिंगांऐवजी केळीची पानं आली होती. सांगता सांगता तिचं तिलाच हसू यायचं. हसून झालं की मग कामाचं बोलणं. सुरेखाच्या दिरानं तिला बाहेर काढलं तेव्हा सहा जणी लोहारद्याला जाऊन त्याच्या अंगणात बसल्या आणि चहा मागितला. दिवसभर हलल्या नाहीत. संध्याकाळी दिरानं चहाही केला आणि सुरेखाची खोलीही उघडली. शिवानीच्या कॉलेजात कुजबुज सुरू झाली तेव्हा दोघी जणी प्राचार्यांना भेटून आल्या. कायदा काय म्हणतो ते सुरेखानं त्यांना अशा आवाजात सांगितलं की शिपाईसुद्धा उभा राहिला.

घरी मात्र या सगळ्याला भजन म्हणत. ही सासूबाईंची युक्ती. त्यांना लतिकाचं आजारपण माहीत होतं, पण तो शब्द त्यांच्या घरात उच्चारलेला त्यांना खपत नसे. "विचारलं कोणी तर सांगायचं, धारच्या भजनी मंडळात जाते," त्या म्हणाल्या. मंडळाचं नाव काय, असं शेजारणीनं विचारलं तेव्हा समोरच्या दुधाच्या पिशवीवर जे दिसलं तेच लतिकाच्या तोंडून गेलं, "प्रभात." झालं, प्रभात महिला भजनी मंडळ. चार वर्षांत या मंडळानं एक ओळसुद्धा गायली नव्हती.

लतिकाची मुलगी आरोही बारा वर्षांची होती. तीही रोज झोपताना गोळी घ्यायची. ताकदीची गोळी, असं तिला सांगितलेलं. लतिका आपली गोळी स्वयंपाकघरात, पाठमोरी होऊन घ्यायची. आरोही सकाळी उठून दात घासायच्या आधी स्वप्न सांगायची. "आई, आज वर्गाच्या भिंतींना पानं फुटली होती. आम्ही ती खात होतो आणि ती गुळासारखी लागत होती, सच्ची!" लतिका म्हणायची, "सगळ्यांनाच पडतात गं स्वप्नं. आटप." स्वतःचं एकही स्वप्न तिनं मुलीला कधी सांगितलं नाही. एक धागा ओढला की सगळंच उसवेल, ही धास्ती.

आणि ते उसवायची वेळ तर आली होती. दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडम वर्षभर सांगत होत्या की आता मुलीला कळायला हवं, बाहेरून कळण्याआधी घरातून कळायला हवं. जानकीबाईही मागे लागल्या होत्या. सासूबाईंचं उलट, माझ्या डोळ्यांदेखत पोरीला काही सांगायचं नाही. पण सासूबाई हे निमित्त होतं. लतिकाला खरी भीती होती ती एकाच प्रश्नाची. आरोही विचारणार, हे माझ्यात आलं कुठून? आणि त्याचं उत्तर एकच होतं. ते ऐकल्यावर ही पोर आपल्या हातचा घास तरी घेईल का?

अशात गणपती आले. वस्तीच्या मंडपात पाचव्या दिवशी बायकांचा कार्यक्रम असे. त्या वर्षी उज्जैनहून येणाऱ्या मंडळींनी आयत्या वेळी नकार कळवला आणि मंडळाचे कार्यवाह भास्करकाका डोकं धरून बसले. निवृत्त झाल्यापासून काकांना वस्तीतला प्रत्येक कार्यक्रम म्हणजे स्वतःची परीक्षा वाटे. तिथं मुलांबरोबर आरती पाठ करत बसलेल्या आरोहीनं हात वर केला.

"काका, माझ्या आईचं भजनी मंडळ आहे ना! धारला. खूप मोठं आहे."

लतिकाला हे मोबाईलवर कळलं. वस्तीच्या ग्रुपवर गणपतीच्या चित्राखाली झेंडूच्या रंगाच्या अक्षरांत लिहिलं होतं, धार येथील सुप्रसिद्ध प्रभात महिला भजनी मंडळ, दुपारी चार वाजता. खाली बावीस जणांचे जोडलेले हात. सुप्रसिद्ध हा शब्द भास्करकाकांनी पदरचा घातला होता.

"अहो काका, आमच्या बायका अशा बाहेर गात नाहीत," तिनं फोन करून पाहिलं.

"टेन्शन नका घेऊ हो वहिनी. आपल्याच घरचा गणपती. माईकवाल्या भियाला सांगून ठेवलंय, आवाज एकदम बढिया लावेल."

आता नाही म्हणणं हो म्हणण्यापेक्षा महाग होतं. चार वर्षं दर महिन्याला धारला जाणारी बाई चार ओळी गाऊ शकत नाही, मग ती जाते तरी कुठं, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीच्या तोंडी असता. शिवाय आरोही मैत्रिणींसमोर खोटी पडली असती. सासूबाई देवापुढे बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "हे आता तूच निस्तर."

धारच्या दोन खोल्यांत पुढच्या तीन दिवसांत जे काही झालं त्याला गाणं म्हणणं अवघडच. सुरेखाचा आवाज एका सुरात लागायचा, पण तो सूर गाण्यातला नसायचा. शिवानी हिंदी शाळेत शिकलेली, भजनाचं पुस्तक हातात धरून ती ओळीच्या मधेच थांबायची. "जीजी, मी मराठी अटक-अटक के वाचते. देव तोवर निघून जाईल." लतिकाला ताल कळायचा, पण शब्द आठवायचे नाहीत. जानकीबाईंनी शेवटी पुस्तक मिटलं.

"पाठ असलेलं गावं गे बायांनो. तुम्हांस काय पाठ आहे?"

शिवानी म्हणाली, "एकमेकींची स्वप्नं."

ते खरं होतं. चार वर्षांत ऐकून ऐकून प्रत्येकीला प्रत्येकीचं स्वप्न तोंडपाठ झालं होतं. जानकीबाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या आईच्या तोंडी असलेली ओवीची चाल धरली, साधी, झोपाळ्यासारखी मागेपुढे जाणारी. त्या चालीवर त्यांनी स्वतःचं स्वप्न बसवून पाहिलं, आणि ते बसलं.

स्वप्नात गं माझ्या तळं उलटलं
मासोळीनं दिलं फूल हाती

मंदिरातल्या समईचा वास येत होता आणि दारातून दुपारचं ऊन आत येऊन चटईवर पसरलं होतं. आपण आत्ता जागे आहोत की कसे, असं लतिकाला क्षणभर वाटलं. मग सुरेखा म्हणाली, "ही चाल तर मलासुद्धा जमेल," आणि खरंच तिला जमली.

"पण ओळखलं कोणी तर?" लतिकानं निघताना विचारलं.

"काय ओळखतील?" जानकीबाई म्हणाल्या. "चार बायका स्वप्नं गातात. बाईला स्वप्न पडतं, हा काय आजार आहे?"

पाचव्या दिवशी चार वाजता प्रभात महिला भजनी मंडळ देवासच्या मंडपात सतरंजीवर बसलं. चौघी सारख्या दिसाव्यात म्हणून हिरव्या साड्या नेसल्या होत्या, त्यांतल्या दोन सासूबाईंच्या होत्या. समोर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. पहिल्या रांगेत आरोही, अंगात नवा फ्रॉक, मैत्रिणींना कोपरानं ढोसून आई दाखवत होती. लतिकाच्या हातातले टाळ घामानं निसटत होते.

जानकीबाईंनी गणपतीला नमस्कार करून सुरुवात केली. तळं उलटलं, मासोळीनं फूल दिलं. बाया माना डोलावू लागल्या. मग शिवानीनं माईक पुढे ओढला.

कुक्षीच्या बाजारी हत्ती आला निळा
त्याच्या गळी माळा मिरच्यांची

बाया खळखळून हसल्या. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा, असा गलका झाला. दुसऱ्यांदा म्हणताना सगळा मंडप टाळ्या धरून गाऊ लागला. मागे बसलेल्या एक आजी शेजारणीला सांगू लागल्या की ही ओवी फार जुनी, आमच्या आत्याबाई दळताना म्हणत. भास्करकाकांनी लगेच दुजोरा दिला आणि ही परंपरा होळकरांच्या काळापासूनची आहे असं ठोकून दिलं. सुरेखानं तिचं स्वप्न गायलं, त्यात तिचं शिवणयंत्र ढगांना टिपा घालत होतं. मग लतिकाची पाळी आली.

तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. पण डोळे मिटले तशी मंडपाची कनात बाजूला झाली, टेकडी समोर आली आणि पाय हलके झाले. तिनं गायलं, तेही दिवसाढवळ्या, शंभर बायांसमोर.

उडत मी गेले टेकडीच्या वर
पायाखाली घर एवढंसं

डोळे उघडले तेव्हा सगळ्या बाया टाळ्या वाजवत होत्या. एक आरोही तेवढी वाजवत नव्हती. तिचे हात मांडीवर पडले होते आणि ती आईकडे पाहत होती. मग तिनं शिवानीकडे पाहिलं, मग सुरेखाकडे, मग जानकीबाईंकडे, आणि पुन्हा आईकडे. लतिकाला पुढची ओळ आठवेना. जानकीबाईंनी ती अलगद उचलली आणि गाणं पुढे नेलं.

कार्यक्रम संपला. बाया पाहुण्यांना पेढे देत होत्या, पुढच्या वर्षाचं आमंत्रण देत होत्या. लतिका आरोहीला शोधत मंडपामागे आली. तिथल्या पायरीवर ती एकटी बसली होती. उन्हं कलली होती, टेकडीचा माथा सोनेरी झाला होता. लतिका एका हाताच्या अंतरावर बसली.

"तू उडतेस," आरोही म्हणाली. "मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"मी वर्गात सगळ्यांना विचारलं होतं. कोणालाच अशी स्वप्नं नाही पडत, आई. रियाला तर फक्त पेपर राहिला असं स्वप्न पडतं." ती थोडं थांबली. "आपण नालछ्याला लग्नाला गेलो तेव्हा माझी डबी घरी राहिली होती ना? तू किती रडली होतीस. तेव्हा दोन दिवस मला काहीच नव्हतं पडलं. मतलब, ती गोळी देते स्वप्नं. त्या दीदीला पडतात, जानकीआजीला पडतात, तुला पडतात. तुम्ही सगळ्या तीच गोळी घेता ना? ती ताकदीची नाहीये ना?"

मंडपात कोणीतरी माईकवर हॅलो हॅलो करत होतं. लतिकानं या दिवसासाठी वर्षभर शब्द जमवले होते, मॅडमनी शिकवलेले, सोपे, गोड. त्यातला एकही सापडेना.

"एचआयव्ही," ती म्हणाली. "तुझ्या रक्तात आहे. माझ्याही. ती गोळी त्याला झोपवून ठेवते."

"तो बसस्टँडवर पोस्टर असतो तो? लाल रिबनवाला?"

"तोच."

"मी मरेन?"

"नाही गं. रोज गोळी घेतलीस तर माझ्याएवढी होशील. शिवानीसारखी कॉलेजात जाशील. जानकीआजीएवढी म्हातारी होशील आणि त्यांच्यासारखाच पांचट चहा करशील."

आरोही हसली नाही. पायरीवर एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडे ती पाहत राहिली. "बाबांना पण हेच होतं?"

"हो. त्यांना फार उशिरा कळलं."

"मग माझ्यात कुठून आलं?"

आला एकदाचा प्रश्न. लतिकानं दोन्ही हात मांडीत घट्ट धरले.

"माझ्याकडून. तू पोटात होतीस तेव्हा. मला माहीत नव्हतं, आरू. माहीत असतं तर तुझ्यापर्यंत येऊच दिलं नसतं, तसं औषध असतं. पण आलं ते माझ्याकडूनच."

लतिका थांबली. आता ही उठेल, आजीकडे पळत जाईल, असं तिला वाटलं, आणि तिनं तसं केलं तरी हाक मारायची नाही असंही तिनं ठरवलं.

"तुला कोणी सांगितलं होतं?" आरोहीनं विचारलं.

"कशाचं?"

"हेच. तुला आहे म्हणून."

इतक्या वर्षांत हे तिला कोणीही विचारलं नव्हतं. "कोणी सांगितलं नाही," लतिका म्हणाली. "एका दवाखान्यात बाहेर बाकावर बसले होते. आतून एकीनं दुसरीला मोठ्यानं विचारलं, ती पॉझिटिव्हवाली कुठंय? आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाकावर बसलेले लोक उठले."

"सगळे?"

"सगळे."

"मग तुझ्याजवळ कोण बसलं?"

"कोणी नाही."

आरोहीनं नाक ओढलं. मग ती पायरीवरून सरकली आणि आईच्या अंगाला अंग लावून बसली. आतून भास्करकाका दोघींना फोटोसाठी हाका मारत होते. लतिका उठू लागली तर आरोहीनं तिचा पदर धरला.

"थांब ना," ती म्हणाली. "मी बसलेय अजून."